काळी प्लेट कुणाची

उद्यमनगर, कोल्हापूर
ता. ११ मार्च २००३

श्री. अमरेशराव यांस,

तुमचे पत्र पोचले. चार वर्षांनी आले. पाकिटावर कंपनीचे छापील नाव, आत टाईप केलेल्या सात ओळी, आणि शेवटी हाताने ‘दाजी, रागावू नका’ एवढेच. सात ओळींत दोन चुका आहेत. एके ठिकाणी सोडियमची कॉस्टिक लिहिली आहे. तुमच्या पेटीत पोटॅशची आहे, हे तुमच्याच जाहिरातपत्रकात मी वाचले. दुसरी चूक तुम्हीच शोधा.

तुम्ही विचारता, पाण्यापासून हायड्रोजन काढायच्या तुमच्या पेटीतल्या काळ्या प्लेटा दोन महिने उत्तम चालतात आणि मग का मरतात. पहिल्या दिवशी एकेका खणाला एक पॉइंट नऊ व्होल्ट लागतात, साठाव्या दिवशी दोन पॉइंट दोन. काळा थर सुटून तळाशी चिखलासारखा बसतो. साफ करायला पेटी बंद ठेवावी लागते, आणि मिरजेजवळच्या त्या वनस्पती तुपाच्या कारखान्याला तेल घट्ट करायला हायड्रोजन कमी पडतो. ते तुमच्या साहेबांना बोलतात, साहेब तुम्हाला बोलतात. तुम्ही कुणाला बोलणार, म्हणून मला पत्र.

मला कारण माहीत आहे. उपायही माहीत आहे. उपाय एका ओळीत मावतो. ती ओळ या पत्रात नाही.

१९९९ सालचे वर्तमानपत्राचे कात्रण माझ्यापाशी आहे. तुमचा फोटो, वर मथळा: तरुण अभियंत्याची किमया, पाण्यातून दीडपट हायड्रोजन. दीडपट. अमरेशराव, तीस अँपिअरला ताशी साडेतेरा लिटर हायड्रोजन निघतो. प्लेट साधी लावा, काळी लावा, तेवढाच निघतो. प्लेटीने बदलतो तो व्होल्ट. साध्या निकेलच्या प्लेटीला शंभर युनिट वीज लागत असेल तिथे काळीला शहाऐंशी लागते. सगळी कमाई ती चौदा युनिटांची, आणि ती काही थोडी नाही. पण तिला दीडपट म्हणत नाहीत. हे सातवी पास माणूस बी.ई. झालेल्या माणसाला सांगतो आहे. वार्ताहराचे चुकले असेल. ते दुरुस्त करून घ्यायला तुम्ही होतातच की. घेतले नाही, कारण दीडपट ऐकायला बरे वाटते.

त्या बातमीत उद्यमनगरचे नाव नाही. माझ्या प्लेटिंगच्या दुकानाचे नाही. माझे नाही.

तुमची अक्का बरी आहे. तुमचे पत्र तिला दाखवलेले नाही.

नागाप्पा


ता. २ मे २००३

अमरेश,

साहेबी बोली मला फार वेळ पेलत नाही, तेव्हा आता तू.

तुझे तीन अंदाज वाचले. पाणी अशुद्ध असेल, थर पातळ पडला असेल, पेटी फार तापत असेल. तिन्ही चूक. असे अंदाज कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर सापडतात. प्लेट समोर ठेवून तिच्याकडे आठ दिवस नुसते बघत बसायची तुझी तयारी कधीच नव्हती. इथे होतास तेव्हाही तुझे एका डोळ्याने घड्याळाकडे लक्ष.

न विचारलेले एक सांगतो. प्लेटीला भोके का पाडायची, हे तरी तुला आठवते का? समोरच्या अंगाला चिकटून राहिलेला बुडबुडा घोंगडीसारखा असतो, त्याच्यातून करंट जात नाही. भोक असले की तो मागच्या अंगाने निसटतो. मी भोके ड्रिलने पाडली, तीन मिलिमीटरची, एकेक. तू प्रेसवर पाडतोस असे ऐकले. प्रेसच्या भोकाला एका बाजूने धार राहते. ती धार पडद्याच्या बाजूला आली तर दोन वायूंमधले ॲस्बेस्टॉसचे कापड फाटेल, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र होतील, आणि मग पत्र लिहायला तू उरणार नाहीस. धार बाहेरच्या अंगाला ठेव. हे मी तुझ्यासाठी लिहीत नाही. पेटीपाशी तू नसतोस, दुसरा कुणीतरी असतो.

आता प्लेट कुणाची ते लिहून ठेवतो, म्हणजे कागदावर राहील.

एप्रिल १९९६. निकेलच्या टाकीत जस्ताचे पाणी मिसळले गेले. प्लेटिंगच्या, म्हणजे मुलामा चढवायच्या, धंद्यात याहून वाईट काही नाही. आरशासारखा यायचा पत्रा काजळीसारखा काळा निघाला. गिऱ्हाइकाचे बारा पत्रे. ते काळे पत्रे कॉस्टिकच्या टाकीत गेले, जिथे आपण तेलकट माल करंट देऊन धुतो. मालावर बुडबुडे उठतात आणि तेल उचलून वर आणतात, हे उद्यमनगरात कुणीही सांगेल. तो बुडबुडा हायड्रोजनचा असतो, हे सांगणारा मी एकटा होतो. त्याच दांडीला काही साधे पत्रेही टांगलेले होते. साध्यांवर तुरळक बुडबुडे, आणि काळ्यांवर दूध उतू जावे तसा फेस.

का, ते मी शोधले. थरातले जस्त कॉस्टिकमध्ये विरघळून जाते आणि मागे निकेल उरते, स्पंजासारखे, सगळे पोकळ. हाताच्या तळव्याएवढ्या पत्र्याला मैदानाएवढे अंग फुटते. इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचले, पान दिवसाला एक. मग चौदा महिने मोजमाप. दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या एकशे बेचाळीस प्लेटा. जस्त किती, किती वेळ बुडवायची, दोन प्लेटांत अंतर किती. वायू उलट्या बरणीत धरून, घड्याळ लावून. सहा वह्या भरल्या. तू त्यातल्या दोन झेरॉक्स करून नेल्यास.

पेटंटवर दोन नावे आहेत. पहिले तुझे. दुसरे मी इथे लिहीत नाही. त्या दोन्हींच्या जागी एक नाव हवे आहे. तसे पत्र तू पेटंटच्या कचेरीला लिही, दुसरे त्या वर्तमानपत्राला, आणि दोन्हींच्या प्रती मला पाठव. प्रती पोचल्या की तुझी ती एक ओळ तुला मिळेल. तोवर प्लेटा मरू देत. दर दोन महिन्यांनी पेटी उघडायची, चिखल काढायचा, साहेबांसमोर उभे राहायचे. मला इथे बसून ते दिसते, आणि खोटे कशाला बोलू, जेवण गोड लागते.

नागाप्पा


ता. ९ ऑगस्ट २००३

अमरेश,

प्रती आल्या नाहीत. त्याऐवजी तुझे चार पानी पत्र आले, सगळे हाताने लिहिलेले. राग आला की तुझे अक्षर सुधारते.

तू लिहितोस, ‘दाजी, मी तीन नावे घालू म्हणालो होतो. फॉर्म तुम्ही फाडला.’

फाडला. मी कुठे नाही म्हणतो? पण फाडण्याआधी काय झाले तेही लिहायचे होतेस. तू लिहीत नाहीस, तर मी लिहितो. १९९८ चा डिसेंबर होता. तू पुण्याहून फॉर्म घेऊन आलास आणि बाकावर पसरलास. बसम्मा हौदापाशी जिग, म्हणजे माल टांगायच्या चौकटी, धूत होती. नावांच्या रकान्यात तू आधी माझे लिहिलेस, मग स्वतःचे, आणि मग तुझ्या अक्काचे, बसम्माचे, लिहायला लागलास. मी पेन धरले.

तू म्हणालास, “दाजी, काळे पत्रे भंगारात टाक म्हणून तुम्ही सांगितलेलं. अक्कानं ते कॉस्टिकमध्ये टांगलं. ‘हे काळं आधी उकळायलंय बघा’ म्हणून तुम्हाला हाक तिनं मारली. तिचं नाव पायजेच की.”

मी म्हणालो, “उद्या म्हणशील, बादलीचंबी घाल.”

आणि बसम्मा तिकडून, हात न थांबवता, “माझं नको बाबा. माझ्या नावानं काय फेस जास्त येणार हाय?” तू हसलास. मी हसलो नाही. माझे म्हणणे साधे होते. बघितले म्हणजे शोधले होत नाही. उकळते पाणी सगळ्या जगाने बघितले आहे. व्होल्ट कशाला म्हणतात हे जिला तेव्हा ठाऊक नव्हते तिचे नाव, आणि एकशे बेचाळीस प्लेटा करणाऱ्याचे नाव, एका रकान्यात एकाखाली एक? मी म्हणालो, एक तर एकट्याचे, नाहीतर नको. आणि फाडला.

तू निघून गेलास आणि दुसरा फॉर्म भरलास. त्यावर दोन नावे. हे मला कुणी सांगितले नाही. पोस्टाने प्रत आली तेव्हा कळले, आणि ती प्रतही माझ्या नव्हे, बसम्माच्या नावावर आली होती. खाली तुझी सही इंग्रजीत. तिची कन्नडमध्ये, टपोऱ्या अक्षरात, नाव आणि माहेरचे आडनाव. लग्नाला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. तिची सही मी त्याआधी पाहिलेली नव्हती. ती कधी मिरजेला तुझ्या घरी येऊन सही करून गेली, तिने मला काय सांगून घर सोडले होते, मी विचारले नाही. अजूनही विचारलेले नाही. तिनेही सांगितलेले नाही. जेवायला वाढते, दुकानात येते, टाकीतला माल वेळेवर काढते.

आणखी एक. निकेलमध्ये जस्ताचे पाणी ओतले तेही तिनेच. टाकी भरायला साधे पाणी म्हणून कॅन घेतला आणि ओतला. बारा पत्र्यांचे नुकसान करणारी बाई शोध लावणारी ठरते, आणि मी तिचा नवरा ठरतो. हा तुझा न्याय.

तुझ्या चार पानांत प्लेटांविषयी फक्त अर्धे पान आहे. नव्या प्लेटाही गेल्या म्हणतोस. जाणारच. आमच्याकडे हल्ली रोज चार तास वीज नसते, तुमच्याकडेही नसेल. जनरेटरवर तुमचे पंप आणि दिवे चालतात, पेटी चालत नाही, कारण हजार अँपिअर जनरेटर कुठून आणणार? त्या चार तासांत तुझी पेटी काय करते, कधी विचार केलास? स्वस्थ बसते असे तुला वाटते. वाटू दे.

नागाप्पा


ता. २१ जानेवारी २००४

अमरेश,

संक्रांतीला तू घरी येऊन गेलास. मी तेव्हा भागीरथी फाउंड्रीत मापे घ्यायला गेलो होतो, हे तुला माहीत असणार. माहीत असल्याशिवाय तू आला नसतास. तिळगूळ खाल्लास आणि अक्कापाशी रडलास. प्लेटा मरतात, साहेब पेटीच काढून टाकायचे म्हणतायत, पेटी गेली तर मीही गेलो, दाजींना ठाऊक आहे पण सांगत नाहीत. माझी पत्रेही तिला वाचून दाखवलीस.

संध्याकाळी मी आलो तेव्हा ती दारातच बसली होती.

“वीज गेली की व्हतंय न्हवं ते?” तिने विचारले.

मी चपला काढत राहिलो.

“म्हणून तुम्ही बाकाखाली बॅटरी लावून ठेवलाईसा. मी इतकी वर्सं झाडताना बघतोय ती. मला वाटलं, दिवा लावायला हाय.” आमच्या बाजूच्या बायका ‘बघतोय’ म्हणतात, हे तुझ्या पुण्याच्या मित्रांना हसण्यासारखे वाटायचे. त्या बघतोय म्हणणाऱ्या बाईने पाच मिनिटांत ते ओळखले, जे तुला दहा महिन्यांत ओळखता आले नाही. वीज गेली की पेटी स्वतःच बॅटरी होते आणि करंट उलटा वाहू लागतो. काळ्या प्लेटीला त्यातून गंज चढतो, थर सुटतो. वीज नसतानाही सुलट दिशेने थोडा करंट चालू ठेवला तर प्लेट मरत नाही. माझी एकशे अडतिसावी प्लेट दुकानातल्या बाकावर सहा वर्षे जिवंत आहे, रोज वीज जात असताना. झाली तुझी एक ओळ. मी दिली नाही, तिने दिली.

मग ती म्हणाली, “ठावं असून सांगितला न्हाईसा. तिकडं पेटीपाशी आण्णा म्हणून माणूस हाय, अमरेश म्हणत होता. तीन पोरी हायत त्याला. प्लेटांचा चिखल काढून काढून त्याच्या हाताची कातडी गेली. त्यानं तुमचं काय घेतलंय?”

मी म्हणालो, “माझं कुणी काय घेतलं, ते तुझ्या सहीला विचार.”

पाच वर्षे हे वाक्य माझ्या तोंडात होते. बाहेर पडल्यावर काही मोठे झाले नाही. ती उठली, दोन लुगडी पिशवीत घातली, आणि सकाळच्या मिरज गाडीने गेली. जाताना एवढेच म्हणाली, बॅटरीच्या दोन्ही वायरी मी बघितल्यात, मला लावायला येतंय.

लावू दे. दोन नावे आहेत ना पेटंटवर, दोघांनी मिळून लावा. पण बॅटरीपासून प्लेटीपर्यंत जाताना मध्ये एक वस्तू आहे. ती बाकाच्या फळीमागे आहे, झाडताना दिसत नाही. तिच्याविषयी तिला माहीत नाही आणि तुला सुचणार नाही. साहेबांना बोलवा, कारखान्याच्या मालकांना बोलवा. सगळ्यांसमोर काय होते ते बघा. मग मला कळव, शोध लावणारे कोण आहेत ते.

नागाप्पा


ता. २८ जानेवारी २००४

अमरेश,

तुझे कार्ड आज अकरा वाजता मिळाले. येत्या सोमवारी चाचणी, ट्रकच्या चार बॅटऱ्या आणल्यात, साहेब आणि मालक दोघे येणार, वीज गेली की खटका अक्काच टाकणार. कार्ड वाचून मी आधी हसलो, हे लिहून ठेवतो. मग वही काढून हिशेब केला. तू केलेला नाहीस हे उघड आहे.

तुझ्या पेटीत चोवीस खण आहेत. चार बॅटऱ्यांचे अठ्ठेचाळीस व्होल्ट. म्हणजे खणाला दोन. दोन व्होल्टला तुझी पेटी अर्धवट चालत नाही, पुरी चालते, एक पॉइंट नऊला चालते हे तूच लिहिले होतेस. खटका पडला की बॅटऱ्यांतून आठशे, हजार अँपिअर ओढले जातील. वायरी लाल होतील. हायड्रोजन पुऱ्या जोराने निघेल, आणि वीज गेलेली असल्यामुळे खोलीचा एक्झॉस्ट पंखा बंद असेल. मग कुणीतरी घाबरून बॅटरीचा क्लिप ओढून काढेल आणि तिथे ठिणगी पडेल. खोलीत त्या वेळी आण्णा असेल, तू असशील. आणि खटक्यापाशी ती.

दुपारी एस.टी.डी. बूथवरून तुझ्या घरी फोन केला. तिनेच उचलला. ‘हॅलो’ म्हणाली, मग थोडे थांबून, ‘जेवलाईसा का?’ मी आवाजसुद्धा काढला नव्हता. मी ठेवून दिला. तोंडाने मला हे सांगता येणार नाही. म्हणून लिहितो आणि आत्ताच्या मिरज गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट देतो. तो ओळखीचा आहे, स्टँडवरून तुला फोन करील, तू येऊन घेऊन जा. पोस्टावर भरवसा ठेवत नाही.

फळीमागे आहे ती विजेच्या शेगडीची कॉईल. करंट अडवायला. माझ्या लहान प्लेटीला तीस अँपिअरचा दोनशेवा हिस्सा पुरतो, पॉइंट पंधरा. हा आकडा मला अकरा महिन्यांनी सापडला. त्याहून कमी दिला तर थर सुटतो, जास्त दिला तर उगाच वायू निघतो. तुझ्या पेटीला हजारचा दोनशेवा, म्हणजे पाच अँपिअर. दोन हजार वॅटच्या शेगडीची कॉईल घे, तिचा साधारण दहावा भाग मध्ये जोड, मग क्लिप सरकवत अँपिअरच्या मीटरचा काटा पाचवर आण. पंखा आधी जनरेटरवर घे. पंखा फिरल्याशिवाय खटक्याला हात लावायचा नाही, मालक समोर उभे असले तरी. बॅटरीचा क्लिप चालू करंटवर कधीही काढायचा नाही.

आण्णाचा जीव जावा एवढा माझा राग मोठा नाही. तुझी नोकरी जावी एवढा आहे, अजूनही आहे, आणि हे पत्र लिहिले म्हणून तो उतरला असे समजू नकोस. तू फॉर्म माझ्या पाठीमागे भरलास. तुला तीन नावांचा एवढा पुळका होता तर पुन्हा एकदा दारात येऊन उभा राहायचे होतेस. मी पुन्हा फाडला असता. तरी यायचे होतेस.

दुसरे. ऑगस्टच्या पत्रात मी लिहिले की जस्ताचे पाणी तिने ओतले. ओतले तिनेच. पण नळाला पाणी आले की ज्या निळ्या कॅनमध्ये ती भरून ठेवायची, त्याच रांगेत, तसल्याच निळ्या कॅनमध्ये, जस्ताच्या टाकीतले पाणी मी आदल्या दिवशी काढून ठेवले होते. दोन्ही काचेसारखी स्वच्छ. कॅनवर चिठ्ठी लावायची राहिली. मी, जो तुझ्या पत्रातल्या चुका मोजतो. त्या दिवशी सगळ्या दुकानासमोर मी तिला आंधळी म्हणालो आणि ती काळे पत्रे उचलून कॉस्टिककडे गेली. भंगारात टाक म्हटले होते, तरी धुऊन बघू म्हणाली. हे तिला माझ्या तोंडून कधी कळलेले नाही. कॅन कुणाचा होता ते तिला त्याच दिवशी कळले असणार. तिचे कॅन तिला ओळखू येतात.

पेटंटवरची नावे राहू देत तशीच. माझे त्यात घालायचे नाही. घातलेस तर मी कचेरीला लिहून काढायला लावीन. आता मागून घातलेले नाव मला नको.

सोमवारी खटका तिलाच टाकू दे. तू मध्ये बोलू नकोस, ‘अक्का, थांब’, ‘अक्का, हळू’ असले काही करू नकोस. मीटर तिच्या समोर ठेव, भिंतीवर नको. काटा पाचवर आला की ती आपोआप थांबेल. काटा वाचायला तिला मी शिकवले आहे, याच बाकावर, तू कॉलेजात असताना. एवढे तरी एक माझ्या नावावर राहू दे.

नागाप्पा